रायफलचा दस्ता आणि बेडिंग

रायफलची नळी आणि तिच्यामागचा यंत्रणेचा भाग दस्त्यात जिथे टेकतो, त्या बैठकीला नेमबाज 'बेडिंग' म्हणतात. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. नेमबाज तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला विश्वविजेती ठरली ती याच अंतरावर. इतक्या लहान वर्तुळासाठी बैठकीतली किंचितशी हालचालही महागात पडते.

लाकडी दस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. तेल झिरपले, स्क्रू वारंवार आवळले की लाकूड दबते. मग प्रत्येक गोळीनंतर यंत्रणा तंतोतंत मूळ जागी परतत नाही आणि लक्ष्यावरची छिद्रे विखुरतात. एक स्क्रू सैल करताना नळी दस्त्यापासून सरकली, तर बैठक ताणाखाली आहे असे समजावे. मात्र दोष गोळ्यांचा किंवा सैल दुर्बिणीचा नाही, हे आधी पाहावे. उगाच लाकूड खरवडणारे पुष्कळ!

दुरुस्तीत जुना थर खरवडून इपॉक्सी भरतात. धातूला आधी मेण किंवा तत्सम लेप लावतात. एखादा कोपरा सुटला तर यंत्रणा दस्त्यात कायमची चिकटते. इपॉक्सी वाळेपर्यंत स्क्रू जोराने आवळत नाहीत, नाहीतर ताणच साच्यात उतरतो. पुढे टॉर्क पान्याने ठरावीक दाबच देतात. आजच्या ॲल्युमिनियम दस्त्यांना हा खटाटोप सहसा लागत नाही.

शस्त्र अधिनियम, १९५९नुसार बंदूक दुरुस्तीच्या व्यवसायाला परवाना लागतो.