आज्ञावलीतील नियंत्रण-प्रवाह

संगणकाच्या आज्ञावलीस दोन अस्तित्वे असतात. एक लिखित, वरून खाली मांडलेल्या ओळींचे. ते स्थिर असते. दुसरे, यंत्र त्या ओळी अमलात आणू लागले म्हणजे काळात उलगडत जाणारे. शंभर ओळींच्या आज्ञावलीतून लक्षावधी पावलांची क्रिया घडू शकते. कोणत्या ओळीनंतर कोणती ओळ अमलात यावयाची, हे ठरविणाऱ्या व्यवस्थेस नियंत्रण-प्रवाह असे म्हणतात. मनुष्यास वाचता येते ते लिखित. फल मात्र हवे असते ते घडणाऱ्या क्रियेचे. या दोहोंतील अंतर शक्य तितके कमी करणे, हाच रचनाबद्ध आज्ञालेखनाचा मूळ हेतू होय. ‘गो टू’ या आज्ञेवरील बहिष्कार एवढाच त्याचा अर्थ पुष्कळदा केला जातो, तो अपुरा आहे.

‘अमुक ओळीकडे जा’ असे सांगणारी ही आज्ञा 1957 मध्ये प्रसृत झालेल्या फोरट्रान भाषेत सर्रास वापरली जाई. यंत्राच्या स्वतःच्या भाषेत अशी उडी असतेच. तेव्हा त्यात कोणास काही वावगे वाटले नाही. परंतु आज्ञावली वाढत गेली की एखाद्या ओळीवर बोट ठेवून ‘नियंत्रण येथे कोठून आले असेल?’ असे विचारल्यास सर्व पाने धुंडाळल्यावाचून उत्तर मिळेनासे होते.

1966 मध्ये कोर्राडो बोम व जुझेप्पे याकोपिनी या इटालियन संशोधकांनी दाखवून दिले की, कोणताही प्रवाह-आलेख क्रम, निवड आणि आवर्तन एवढ्याच घटकांनी मांडता येतो. मात्र त्यासाठी काही वेळा खुणेच्या जादा चलराशी योजाव्या लागतात, आणि मग मूळचा गुंता आलेखातून निघून त्या राशींत जाऊन बसतो.

मार्च 1968 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एड्सगर डायक्स्ट्रा यांच्या पत्रात ही अडचण नमूद आहे. असे यांत्रिक रूपांतर त्यांनी सुचविलेले नाही. (पत्राचे गाजलेले शीर्षकही त्यांचे नव्हे, ते संपादक निक्लाउस विर्थ यांनी दिले.) त्यांचा युक्तिवाद निराळा होता. चालू क्रिया मध्येच थांबविली, तर ती कोठवर आली हे कशाने सांगावे? केवळ क्रम व निवड असेल तर ओळीचा निर्देश पुरतो. उपक्रिया असल्यास तिला कोठून पाचारण केले ती साखळी सांगावी लागते. आवर्तन असल्यास कितवी फेरी चालू आहे तेही. एवढ्या निर्देशकांनी क्रियेचे स्थान निश्चित होते. ‘गो टू’चा स्वैर संचार असेल तेथे असे उपयुक्त निर्देशक सापडत नाहीत. आरंभापासून किती पावले झाली हे मोजता येईल, परंतु त्या आकड्यावरून चलराशींच्या मूल्यांचा अर्थ लागत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. ग्रंथालयाच्या दाखल-नोंदवहीत एक क्रमांक शोधावयाचा आहे. पहिल्या नोंदीपासून आरंभ करावा; क्रमांक जुळल्यास थांबावे, नाही तर पुढील नोंद घ्यावी. प्रत्येक फेरीच्या आरंभी असे निःशंकपणे म्हणता येते की, आतापर्यंत पाहिलेल्या नोंदींत हा क्रमांक नाही. नोंदी संपल्या तर हेच विधान ‘ग्रंथ दाखल नाही’ या निष्कर्षाचा पुरावा ठरते. टोनी होर यांनी 1969 मध्ये अशा आवर्तनातील अचल विधानांना तर्कशास्त्रीय बैठक दिली. आता बाहेरच्या एखाद्या ओळीवरून या आवर्तनाच्या मध्यभागी उडी मारता येते असे समजा. ती उडी शंभराव्या नोंदीवर आली, तर मागच्या नव्याण्णव पाहिल्या गेल्या की नाही हे कोण सांगणार? पुरावा तेथेच कोसळतो.

याउलट, क्रमांक सापडताच आवर्तनातून बाहेर पडल्याने त्या विधानास मुळीच धक्का लागत नाही. म्हणून आत येणारी उडी आणि बाहेर नेणारी उडी यांस एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे. डोनाल्ड क्नूथ यांनी 1974 मधील दीर्घ लेखात अशा प्रसंगांची बारकाईने छाननी केली आहे. आजच्या बहुतेक भाषांत आवर्तन मध्येच सोडण्याची स्वतंत्र आज्ञा असते; आणि लिनक्सच्या गाभ्यात, चूक आढळल्यास घेतलेली साधने परत करण्यासाठी, ‘गो टू’ आजही राजरोस वापरली जाते.

फेब्रुवारी 2014 मध्ये ॲपल कंपनीच्या सुरक्षित संपर्काच्या आज्ञावलीत उघडकीस आलेला दोष या दृष्टीने अभ्यसनीय आहे. एका अटीखाली ‘गो टू फेल’ ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा आली होती. दोन्ही ओळी सारख्याच आत सरकवून लिहिलेल्या असल्यामुळे वाचणाऱ्यास त्या एकाच अटीच्या वाटत; परंतु सी भाषेत कंस नसल्यास अट एकाच विधानास लागू पडते. त्यामुळे दुसरी उडी विनाअट झाली, स्वाक्षरीची अंतिम तपासणी वगळली गेली, आणि तोपर्यंत चूक नोंदली नसल्याने ‘यशस्वी’ असेच उत्तर परत गेले. जाळ्यात मध्ये बसलेल्या त्रयस्थास बँकेचे किंवा टपालाचे सोंग घेणे त्यामुळे शक्य झाले. ‘गो टू’च्या जागी उपक्रियेतून परतण्याची आज्ञा दोनदा आली असती तरी हेच घडले असते. त्या अटीखालील विधाने कंसात घेण्याचा प्रघात असता, तर दुसरी ओळही अटीच्याच आत राहिली असती आणि तपासणी चुकली नसती.