दुसरा कॅमेरा घेताना

मुख्य कॅमेरा कामाला असतोच. पण साइटवरची नोंद, घरातलं बारसं किंवा सहल यांसाठी खिशात मावणारा, पडला तर जीव फार हळहळणार नाही असा दुसरा कॅमेरा हवासा वाटतो. तो निवडताना मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. ए-फोर आकाराची छपाई 300 डीपीआयने करायला सुमारे 9 मेगापिक्सेल पुरतात.

खरा फरक सेन्सरच्या आकाराचा. स्वस्त कॉम्पॅक्टमधला 1/2.3 इंची सेन्सर जेमतेम 6.2 × 4.6 मिलिमीटरचा असतो. ‘एक इंची’ म्हणवणारा प्रत्यक्षात 13.2 × 8.8 मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट. त्यावर प्रकाश अधिक पडतो, म्हणून कार्यालयातल्या मंद उजेडातही फोटोत खरखर कमी दिसते. लहान सेन्सरचाच कॅमेरा घ्यायचा, तर त्यात फोनपेक्षा जास्त ऑप्टिकल झूम तरी असावा. डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून ताणणं. तो हिशेबात धरू नका.

बजेट कमी असेल तर वापरलेला कॅमेराही चालतो. लेन्समधून टॉर्चचा उजेड पाडून बुरशीचे धागे दिसतात का पाहा. कोकणातल्या दमट हवेत ही तक्रार नेहमीची. त्या मॉडेलची बॅटरी बाजारात मिळते ना, हेही विचारा. मुख्य कॅमेऱ्याचीच बॅटरी आणि कार्ड चालत असेल तर उत्तम.

आणि पैसे देण्याआधी, दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात दोन फोटो काढून बघाच.