गजाआडची जात आणि कैद्यांचे हक्क

खानदेशात तुरुंग म्हटला की सुशिक्षित माणसाला धुळ्याचा तुरुंग आठवतो. १९३२ साली विनोबांनी तेथे गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. हा इतिहास आपण शिकतो, शिकवतो. परंतु सत्याग्रही हा तुरुंगातला नेहमीचा कैदी नव्हे. नेहमीचा कैदी म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचा भिल्ल-पावरा मजूर, गावकुसाबाहेरचा बौद्ध वा मातंग तरुण, आणि गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला तरी ज्याच्या कपाळीचा शिक्का पुसला गेला नाही असा पारधी. त्याच्या बाजूने कायदा काय म्हणतो, हे आपल्या चळवळीतल्या कार्यकर्त्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. म्हणून हा लेखनप्रपंच.

तुरुंगात गेलेल्या माणसाचे फिरण्याचे स्वातंत्र्य जाते; बाकीचे हक्क, कायद्याने स्पष्ट काढून घेतले नसतील तर, त्याच्याजवळच राहतात. हे तत्त्व महाराष्ट्रातल्याच एका खटल्यातून पुढे आले. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तेथे त्यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले. हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठवू देण्यास सरकारने नकार दिला. उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला आणि १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. स्थानबद्धतेच्या अटींत जे नाही ते बंधन अधिकाऱ्याला मनाने घालता येत नाही, हा त्याचा अर्थ.

परंतु केवळ हक्क आहे असे म्हणून भागत नाही. तो पुरवण्याचे कर्तव्य कोणाचे, हे ठरले पाहिजे. १९७८ च्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते ठरवून दिले. शिक्षा झालेल्या कैद्याला निकालपत्राची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे, तुरुंगाधिकाऱ्याने ती पोचवून लेखी पोच घेतली पाहिजे, अपिलासाठी सोय केली पाहिजे आणि वकील करण्याची ऐपत नसेल तर तो सरकारने दिला पाहिजे. पुढे १९८३ साली पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील पोलीस कोठड्यांसाठी आदेश दिले. त्यांनी मुंबईत पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. पैकी पाचजणींनी कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले होते. स्त्रियांसाठी वेगळी कोठडी व स्त्री पोलिसांचा पहारा, अटक होताच विधी साहाय्य समितीला खबर, आणि मारहाणीची तक्रार आहे काय हे आरोपीला दंडाधिकाऱ्याने स्वतः विचारणे, ही कर्तव्ये तेव्हा लिहून दिली गेली.

आता कच्च्या कैद्यांकडे वळू. २०२२ अखेर देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारांपैकी तिघांचा गुन्हा सिद्ध झालेलाच नव्हता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ यांच्यासाठी आहे. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ तुरुंगात गेला असेल तर जामिनावर सुटकेची, आणि पूर्वी कधी शिक्षा झाली नसेल तर एक-तृतीयांश काळातच बंधपत्रावर सुटकेची तरतूद त्यात आहे. साध्या चोरीला कमाल तीन वर्षे धरली तर पहिल्यांदाच अडकलेल्याचा हा काळ एक वर्षाचा होतो. मुदत भरताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याचे कर्तव्य तुरुंग अधीक्षकावर आहे. मृत्युदंड वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही. एकाहून अधिक गुन्हे वा खटले प्रलंबित असले तरीही नाही. आणि जिच्यावर शिक्का आहे अशा जमातीचा तरुण नेमका येथेच अडकतो.

माझ्या एका आदिवासी विद्यार्थ्याचा चुलतभाऊ कच्चा कैदी आहे. भेटीला जायचे तर घरच्यांची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे जाते. त्याला आत जाऊन किती दिवस झाले असे मी विचारले, तेव्हा नेमका आकडा घरात कोणालाच सांगता आला नाही. ज्याचे दिवस कोणी मोजत नाही त्याचा हक्क कागदावरच राहतो.

आणि जात? ती तुरुंगाच्या दाराशी थांबत नाही. उत्तर प्रदेशच्या नियमावलीत असे होते की साध्या कैदेच्या कैद्याला हलके काम देऊ नये, मात्र तो तसले काम करणाऱ्या समाजाचा असेल तर चालेल. चोपड्याहून सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश लागतो. तेथील नियमांत विमुक्त जमातीच्या माणसाला सराईत गुन्हेगार मानण्याची मुभा होती. मनूचा कायदा सरकारी छापखान्यात छापला जात होता, असेच म्हणावे लागेल! पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरवले. जात पाहून झाडू हाती देणे ही अस्पृश्यताच होय, कलम १७ चा भंग होय, असे मानले. नियमावल्या तीन महिन्यांत सुधाराव्यात, कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकावा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने अभ्यागत मंडळासह नियमित पाहणी करावी, असे आदेश दिले.

तुरुंगातला शिपाई आपला शत्रू नव्हे. त्याच्याही घरात पगार पहिल्यांदाच आला असेल. कर्तव्य लेखी दाखवले तर वरिष्ठांच्या तोंडी हुकुमाला नाही म्हणण्याचा आधार त्यालाही मिळतो.

तेव्हा कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी एवढे करावे. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक कच्च्या कैद्याची अटकेची तारीख, कलम, कमाल शिक्षा आणि इतर खटले एका वहीत लिहावेत. मुदत भरताच अधीक्षकाकडे लेखी विचारणा करून पोच घ्यावी. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या आणि कोठडीतल्या कोणाही माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा प्राधिकरणाकडे तसा अर्ज द्यावा. बाबासाहेबांनी दिलेली घटना तुरुंगाच्या भिंतीपाशी संपत नाही. तिला आत नेण्यासाठी मात्र बाहेर कोणीतरी दिवस मोजत बसले पाहिजे.