‘सबमिट’ दाबल्यावर नेमके काय होते? अर्ज परत का येतो आणि फोटो पुन्हा का मागतो?

अर्जाची शेवटची तारीख, रात्रीचे पावणेबारा. नाव, पत्ता, शिक्षण भरून झाले, फोटो आणि सही अपलोड झाली. ‘सबमिट’ दाबताच तेच पान पुन्हा समोर येते: पिनकोड चुकीचा. तो दुरुस्त करून परत पाठवावा, तर आता फोटोच निवडलेला नाही! अशा वेळी ‘सर्व्हर डाउन’ म्हणून मोकळे होता येते. प्रत्यक्षात सर्व्हर बहुधा ठरल्याप्रमाणेच वागत असतो. तो ठरवतो कोण?

वृत्तपत्रात जन्मलेले ‘जँगो’

आज बहुतेक संकेतस्थळे कोऱ्या पाटीवर लिहिली जात नाहीत. लॉगिन, अर्ज, डेटाबेस अशी नेहमीची कामे आधीच करून ठेवलेला सांगाडा वापरला जातो. त्याला वेब फ्रेमवर्क म्हणतात. पायथन भाषेतील ‘जँगो’ हे त्यातले एक प्रसिद्ध नाव. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकाच्या वेब विभागात एड्रियन होलोव्हॅटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये ते लिहायला घेतले. २००५ मध्ये ते सर्वांसाठी मोफत खुले झाले. नाव गिटारवादक जँगो राइनहार्ट यांच्यावरून.

एकच पत्ता, दोन कामे

जँगोमध्ये अर्जाचा एकच पत्ता सहसा दोन कामे करतो. पान नुसते उघडले, की ती ‘गेट’ विनंती असते आणि कोरा अर्ज मिळतो. ‘सबमिट’ दाबले, की ‘पोस्ट’ विनंती जाते आणि भरलेली माहिती सर्व्हरकडे पोहोचते. मग एकेका रकान्याची तपासणी होते. सगळे नियमात बसले तर माहिती डेटाबेसमध्ये जाते. एकही रकाना चुकला तर तोच अर्ज, भरलेल्या मजकुरासह आणि लाल सूचनेसह परत येतो. म्हणजे अर्ज परत आला, याचा अर्थ अजून काहीच जमा झालेले नाही.

मजकूर परत येतो, मग फोटो का नाही? कारण फाइलचा रकाना आपणहून भरायला ब्राउझर कोणत्याही संकेतस्थळाला परवानगी देत नाही. दिली, तर कुठलेही पान तुमच्या मोबाइलमधील फाइल गुपचूप उचलू शकेल. पासवर्डचा रकाना मात्र जँगो स्वतःच मुद्दाम रिकामा ठेवते. पहिल्या प्रयत्नातला फोटो सर्व्हरवर तात्पुरता जपून ठेवता येतो, पण ते काम प्रोग्रामरला वेगळे करावे लागते. अनेकदा ते केले जात नाही.

‘श्रीकृष्ण’ तीन अक्षरी की नऊ?

तपासणीचे नियम लिहिताना मराठी वापरकर्ता डोळ्यांसमोर नसेल, तर गमती होतात. नावाच्या रकान्याला अक्षरांची मर्यादा असते. ‘श्रीकृष्ण’ आपल्या लेखी तीन अक्षरी. पायथन मात्र व्यंजन, हलन्त, वेलांटी, सारे सुटे मोजून नऊ म्हणते. त्यामुळे मर्यादा तोकडी असेल, तर मराठीत लिहिलेले पूर्ण नाव ‘फार लांब’ ठरू शकते. आकड्यांचे उलट आहे. जँगोचा पूर्णांकाचा रकाना ‘४११०३०’ हे देवनागरी अंक सर्व्हरवर निमूट स्वीकारतो. पण प्रोग्रामरने फक्त इंग्रजी अंक चालतील असा नियम लिहिला असेल, तर बरोबर पिनकोडही चुकीचा ठरतो. मोबाइलचा कीबोर्ड नावापुढे जी जादा मोकळी जागा सोडतो, ती जँगो आपोआप छाटते.

लाल सूचना नाही, थेट ‘४०३’

कधी कधी अर्जच नाकारला जातो आणि ‘४०३ फॉरबिडन’ असे पान दिसते. प्रत्येक अर्जात एक अदृश्य सांकेतिक शब्द, म्हणजे टोकन असते. तुम्ही एका ठिकाणी लॉगिन असताना दुसऱ्याच भामट्या पानाने तुमच्या नावाने अर्ज धाडू नये, यासाठी ही खूण. नवे लॉगिन झाले, की जँगो ती बदलते. त्यामुळे एका टॅबमध्ये अर्ज अर्धवट ठेवून दुसऱ्या टॅबमध्ये पुन्हा लॉगिन केले, तर पहिल्या टॅबमधील अर्ज बाद होऊ शकतो. अर्ज भरताना एकच टॅब ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे.

दोनदा दाबले तर?

अर्ज जमा झाल्यावर चांगले संकेतस्थळ तुम्हाला लगेच दुसऱ्या पानावर पाठवते. तसे न केल्यास रिफ्रेश करताच ब्राउझर तीच माहिती पुन्हा पाठवू का, असे विचारतो. ‘हो’ म्हटले, की दुसरा अर्ज. मात्र घाईत बटण दोनदा दाबले गेले, तर या उपायाचा उपयोग नाही. दोन विनंत्या आधीच निघालेल्या असतात. तिथे डेटाबेसमध्येच ‘एका व्यक्तीचा एकच अर्ज’ असा निर्बंध घालावा लागतो. ‘कृपया बॅक किंवा रिफ्रेश दाबू नका’ ही ठळक ओळ पुष्कळदा दिसते. खरे तर ती प्रोग्रामरचे काम अर्जदाराच्या गळ्यात टाकते.

शुल्क भरताना पान अडकलेच, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. आधी पुन्हा लॉगिन करून ‘माझे अर्ज’सारखे पान असल्यास तिथे अर्ज क्रमांक तयार झाला आहे का ते पाहावे, बँकेचा संदेश तपासावा आणि व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा.