जुनी आलिशान गाडी घेताय? आधी गंज बघा, मग रंग बघा



१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. बोटी वर काढलेल्या, जाळी शिवायला घेतलेली, आणि हंगामाचा हिशोब होऊन हातात थोडे पैसे. याच दिवसांत आपल्याकडे गाड्या घेतल्या जातात. हल्ली नवीन छोटी गाडी घेण्यापेक्षा त्याच पैशात जुनी मोठी गाडी घ्यायची टूम आहे. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी. घरात लग्न आहे, मुलाला टुरिस्टचा धंदा करायचा आहे, किंवा नुसती हौस आहे. हौसेला आमची ना नाही. पण गेल्या बंदीत जे घडलं ते सगळ्यांना सांगायला हवं, म्हणून हे लिहितोय.

आपले एक सभासद ऑफिसात आले. म्हणाले, "लोन नको, माझ्याच ठेवीतले साडेचार लाख काढून द्या. गाडी बघितलीय, आरशासारखी आहे." वीस-बावीस वर्षांची जर्मन गाडी. आम्ही म्हटलं, पैसे तुमचेच आहेत, पण एकदा आपल्या जेटीवरच्या वेल्डरकाकांना घेऊन जाऊ. ते हसले. "काका, बोट नाही घ्यायची, गाडी घ्यायचीय!" तरी आम्ही तिघे गेलो.

काकांनी इंजिन चालू करायला सांगितलंच नाही. पँट वर खोचली, गोणपाट टाकलं आणि सरळ गाडीखाली गेले. दारांखालच्या लांब पट्ट्यावर बोटाने टकटक केली. एका जागी आवाज टणक, हातभर पुढे एकदम बद्द. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "दादा, इथे पत्रा नाही. पुट्टी आहे, वर रंग मारलाय." जॅक लावायची जागाच खाऊन गेली होती. विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, जुन्या गाडीत एवढं चालायचंच.

नाही चालत. बोटीची कुजलेली फळी रंगवून कोणी विकायला आणली तर आपण घेऊ का? गंज आपल्याइतका कोणाला कळतो? विंचपासून पंख्याच्या शाफ्टपर्यंत आपण रोज तेच बघतो. पण गाडीचा चकाकता रंग दिसला की आपण सगळं विसरतो.

जाताना काय न्यायचं

टॉर्च, कापडात गुंडाळलेला छोटा चुंबक, खाली टाकायला गोणपाट, आणि एक बोथट स्क्रू ड्रायव्हर. जायचं दिवसा, गाडी कोरडी असताना. नुकती धुतलेली असली तर फोड आणि रंगातला फरक दिसत नाही. जवळ लिफ्टवालं गॅरेज असेल तर गाडी वर उचलून बघायचे पैसे खुशाल द्या. विकणारा त्याला तयार नसेल तर तिथूनच परत या.

गंज आतून बाहेर येतो

हे एक लक्षात ठेवलं की निम्मं काम झालं. रंगावर दिसणारा चण्याएवढा फोड म्हणजे गंजाची सुरुवात नव्हे. बऱ्याचदा आतून पत्रा खाऊन झाल्यावर तो बाहेर दिसतो. म्हणून पाणी आणि चिखल कुठे साचतो ते आधी बघा.

चाकांवरच्या कमानी: आतल्या बाजूने बोट फिरवा. दुमडलेल्या कडेत चिखल बसतो आणि ओला राहतो. कड खरखरीत लागली की टॉर्च मारा.

दारांच्या तळाशी: दार उघडून खालचं रबर हलकेच बाजूला करा. तिथे पाणी जायला बारीक भोकं असतात. ती बुजली की दारात पाणी साचतं आणि दार खालून कुजतं.

डिकी: गालिचा उचला, स्टेपनी काढा, त्या खड्ड्यात हात घाला. ओल किंवा तांबूस पाणी असेल तर मागच्या दिव्यांच्या रबरातून नाहीतर डिकीच्या रबरातून पाणी येतंय.

पायाखालचा गालिचा: दाबून बघा. ओलसर वास आला तर छताची खिडकी तपासा. सनरूफचं पाणी कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जातं. पन्हाळीत कपभर पाणी ओता. ते गाडीखाली पडलं तर ठीक, नाही पडलं तर ते आत जातंय.

ब्रेकच्या नळ्या: गाडीखालून मागे जाणाऱ्या बारीक लोखंडी नळ्या नीट बघा. वरवर तांबूस असणं वेगळं आणि पोपडे सुटून नळी बारीक होणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात घाटात ब्रेक जाईल. इथे घासाघीस नाही. नळ्या बदलायच्या किंवा गाडी सोडायची.

गाडीखाली ताजं काळं डांबरी कोटिंग दिसलं तर खुश होऊ नका. विकायच्या आदल्या आठवड्यात मारलेलं कोटिंग बहुतेक वेळा काहीतरी झाकायला असतं. जुनं, धुळकट, पण अखंड कोटिंग कधीही चांगलं.

कुठल्या गाडीत कुठे बघायचं

आपल्याकडे सगळ्यात जास्त विचारणा मर्सिडीजच्या ई-क्लासची होते. १९९५ पासून पुण्यात जी पहिली मर्सिडीज तयार व्हायला लागली ती डब्ल्यू १२४. गाडी दणकट, नाव मोठं. पण तिच्या दारांखाली प्लास्टिकच्या रुंद पट्ट्या आहेत आणि गंज त्यांच्यामागे लपतो. पट्टीवर जॅकच्या भोकांची छोटी टोपणं असतात. ती काढून आत टॉर्च मारा. पत्रा साबूत दिसला पाहिजे.

तिच्यानंतरची डब्ल्यू २१०, पुढे चार गोल दिवे असलेली. ही गंजासाठी जगभर बदनाम आहे. दारांच्या कडा, चाकांच्या कमानी, डिकीच्या कुलपाजवळची जागा, सगळीकडे फोड येतात. पण खरा धोका पुढच्या स्प्रिंगपाशी आहे. या गाडीत स्प्रिंगचं वरचं टोक ज्या वाटीत बसतं ती वाटी आतल्या पत्र्याला वेल्डिंगने जोडलेली असते. जोडावर सीलंट असतं आणि त्याच्यामागे गंज धरतो, बाहेरून काही दिसत नाही. एक दिवस वाटी सुटते आणि गाडीचा तो कोपरा खाली बसतो. चालत्या गाडीत हे झालं तर काय होईल ते सांगायला नको. पुढचं चाक पूर्ण वळवून कमानीतून टॉर्च मारा. सीलंट फुगलंय का, चीर आहे का, तांबडा ओघळ आहे का बघा. दोन्ही बाजू बघा.

चुंबकाबद्दल एक सांगायचं राहिलं. तो पत्र्याला चिकटतो, जाड पुट्टीवर चिकटत नाही. पण सगळीकडे हाच हिशोब लावू नका. २००३ नंतरच्या ई ६० बीएमडब्ल्यू ५ सिरीजचं बॉनेट आणि पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे आहेत. ऑडी ए८ ची तर बॉडीच ॲल्युमिनियमची. तिथे चुंबक चिकटणारच नाही, म्हणून पुट्टी आहे असं होत नाही. ॲल्युमिनियम तांबडं होत नाही. रंगाखाली पांढरी भुकटी धरते आणि फोड येतात. जिथे ते लोखंडाला टेकतं तिथे जास्त. दोन धातू आणि खारं पाणी एकत्र आले की काय होतं ते आपल्याला शिकवायला नको.

त्यावरून आठवलं. बोटीसारखा जस्ताचा तुकडा गाडीला लावला की गंज थांबतो असं सांगणारे विक्रेते भेटतात. ते खरं नाही. बोटीखालचं झिंक काम करतं कारण ते आणि बाकीचं लोखंड एकाच पाण्यात बुडालेलं असतं. गाडी हवेत उभी असते. गाडीचं जस्त म्हणजे पत्र्यावरचा मुलामा, आणि तो खरवडला गेला की परत येत नाही.

कागदांतूनही गंज कळतो

गाडी कुठे वापरली ते आरसीवर बघा. समुद्राकाठच्या गाडीपेक्षा कोरड्या भागातली गाडी बहुधा बरी निघते. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यावर तिथल्या बऱ्याच गाड्या बाहेर विकल्या गेल्या. त्यांच्यात चांगल्याही असतात, पण एनओसी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पुराच्या गाडीपासून दूर राहा. मुंबई २००५, चेन्नई २०१५, सांगली-कोल्हापूर २०१९, हैदराबाद २०२०. या शहरांची गाडी असली तर सीटखालच्या पट्ट्या आणि स्क्रू बघा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. तिथे मातीचा माग राहतो. आणि १५ वर्षांनंतर नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते, त्यासाठी गाडी आरटीओला दाखवावी लागते. कुजलेली गाडी तिथे अडकली की पैसेही अडकले.

मग घ्यायचीच नाही का?

घ्या. थोडा वरवरचा गंज असलेली गाडी घेण्यात काही चूक नाही, पण तो कुठे आहे हे पैसे देण्याआधी माहीत हवं. दार, डिकी, फेंडर बदलता येतात. दारांखालचा पट्टा, जॅकची जागा, स्प्रिंगची वाटी म्हणजे गाडीचा कणा. तिथे गंज असेल तर फुकटातही महाग.

आपल्या त्या सभासदांनी ती गाडी सोडली. दोन दिवस आमच्यावर रुसले होते. दिवाळीनंतर दुसरी घेतली. मागच्या एका कमानीला गंज होता, तो दाखवून भाव कमी करून घेतला आणि पत्रा कापून नवा लावून घेतला. काकांनी खालून बघून "बरी आहे" म्हटल्यावरच पैसे दिले.

घेतल्यावर एवढं पाळा. डिकीत मासळीचा क्रेट ठेवू नका, बर्फाचं खारं पाणी गालिच्याखाली गेलं की वर्षभरात तळ जातो. जेटीवर गाडी उभी केली असेल तर आठवड्यातून एकदा खालून गोड्या पाण्याने धुवा. आणि ओल्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घालू नका.

कोणाला गाडी बघायला जायचं असेल तर ऑफिसात सांगा. बंदी उठेपर्यंत काका मोकळे आहेत. चहा तेवढा तुमच्याकडून.