कोमट पाण्याचं बाळ

"रडलं का?" बाळंतपणाच्या खोलीबाहेर थांबलेल्यांचा पहिला प्रश्न हाच. मुलगा की मुलगी, ते नंतर.

शंभरातल्या साधारण दहा बाळांना पहिला श्वास घ्यायला मदत लागते आणि ती मिनिटाच्या आत मिळावी लागते. पण नव्या नर्सने त्या मिनिटाचा सराव कुणाच्या बाळावर करायचा?

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या चमूने प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या आणि रुग्णालयांतल्या, बाळंतपणं करणाऱ्या ५९९ जणांना ही मदत करायला शिकवलं. या शिक्षणातलं बाळ म्हणजे एक बाहुली, निओनॅटली. नॉर्वेतल्या लार्डाल कंपनीची. ही कंपनी पूर्वी खेळणी बनवायची!

बाहुलीत यंत्र असं काहीच नाही. आत दोनेक लिटर कोमट पाणी भरायचं, की हातात खरोखरीच्या तान्ह्याचं वजन येतं आणि मान तशीच लुळी पडते. नळीला जोडलेले छोटे रबरी फुगे सोबत शिकणाऱ्या मैत्रिणीच्या मुठीत. एक दाबला की नाळेत ठोके लागतात, दुसरा दाबला की छाती हलते. शिकणारी बाळाला पुसते, पाठ चोळते. बाळ गप्पच. मग अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून मास्कमधून श्वास द्यायची पिशवी. मान जराशी चुकली, मास्क नाकातोंडावर नीट बसला नाही, तर छाती वर येतच नाही. नीट बसला की येते. बाळाने कधी रडायचं, ते मैत्रीण ठरवते. मला हे फार विलक्षण वाटतं: एकीच्या हातात उपचार, दुसरीच्या मुठीत प्राण.

बेळगावचे निष्कर्ष २०१३मध्ये प्रसिद्ध झाले. ऐन बाळंतपणाच्या सुमारास गेलेली, मृत म्हणून नोंदलेली बाळं शिक्षणाआधी शंभरात १.७ होती, नंतर ०.९. म्हणजे निपचित जन्मलेली कितीतरी बाळं मेलेली नव्हतीच; त्यांनी फक्त श्वास घेतला नव्हता. हे वाचून मी बराच वेळ पुढे गेलो नाही. शंका येतेच, की अशी वाचवलेली बाळं पुढच्या दिवसांत दगावली असतील. पण पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू वाढले नाहीत. म्हणजे बहुधा ती जगली.

सराव संपला की दोघी जागा बदलतात. फुगे आता हिच्या मुठीत. बाळ पुन्हा निपचित, आणि मिनिट सुरू.