एक्स-रेमध्ये ‘गॅप’ कमी दिसली. गुडघ्याचे ऑपरेशन करावेच लागते का?

जिना उतरताना गुडघ्यात कळ येते, मांडी घालून बसले की उठताना हाताचा आधार लागतो. एक्स-रे काढला जातो आणि घरात एकच वाक्य फिरू लागते, ‘वंगण संपलंय, वाटी बदलावी लागणार.’

झिजते ती हाडांच्या टोकांवरची कूर्चा. ती एक्स-रेमध्ये दिसत नाही. तिची जागा कमी झालेली दिसते, तीच ही ‘गॅप’. या आजाराला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. गंमत म्हणजे, झीज आणि दुखणे यांचे प्रमाण जुळतेच असे नाही. फोटोत गुडघा बराच झिजलेला, पण माणूस रोज मंडईत जाऊन येतो, असेही असते.

आधी मांडीचा व्यायाम

‘दुखतेय, म्हणून चालणे बंद’ हा उपाय उलटतो. मांडीचा पुढचा स्नायू कमकुवत झाला की सगळा भार सांध्यावर येतो. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो खाली दाबावा, पाच आकडे मोजून सोडावा. साधा व्यायाम आहे, पण काही आठवडे रोज करावा लागतो आणि तिथेच बहुतेकांचे गाडे अडते.

वजन जास्त असेल तर एक किलो उतरल्यावर प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, असे २००५ मधील एका अमेरिकी अभ्यासात आढळले. वेदनाशामक गोळ्या मात्र मनाने महिनोन्‌महिने घेऊ नयेत. पोट आणि मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो.

ऑपरेशन कधी?

दुखण्याने रात्रीची झोप मोडते, घरातल्या घरात चालणे कठीण होते आणि व्यायाम-औषधांनीही फरक पडत नाही, तेव्हा सांधेरोपणाचा विचार होतो. नावाला ‘वाटी बदलणे’, पण मुख्यतः बदलतात ते हाडांचे झिजलेले पृष्ठभाग. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम इम्प्लांटची किंमत तेव्हा सरासरी १.५८ लाखांवरून ५४,७२० रुपयांवर (जीएसटी वेगळा) आली. मात्र ही मर्यादा फक्त इम्प्लांटची. म्हणून बिलाचा अंदाज घेताना खोली, सर्जनची फी आणि फिजिओथेरपी वेगळी विचारावी.

हे मात्र गुडघेदुखी समजून थांबू नका

एकाच पोटरीला अचानक सूज, लाली आणि दुखणे असेल तर रक्ताची गुठळी असू शकते. तिथे मालिश करू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तापासोबत गुडघा लाल आणि गरम झाला असेल तरीही तसेच.